मामा, पुट विकला म्हणजे विमा काढला असं नसतंय

परवा रात्री साडेनऊला उदगीरहून मामाचा फोन. मला वाटलं पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव असलं काहीतरी. तर म्हणे, "अरे, शेअर गहाण ठेवायचा ओटीपी येईनागेलाय, छतावर जाऊन बघू का?" मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, जन्मभर पोरांना चक्रवाढ व्याज शिकवलेला माणूस, सोसायटीच्या पीककर्जाशिवाय कधी कुणाचे पाच रुपये घेतले नाहीत, आणि हे शेअर गहाण ठेवायला निघालेत! म्हटलं ओटीपी राहू द्या, आधी कशाला ते सांगा. मग त्यांनी तो मेसेज पाठवला, जो तोवर आमच्या भावकीच्या ग्रुपवर, माझ्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आणि एका कृषी केंद्राच्या ग्रुपवर सुद्धा फिरून आलेला होता.

मेसेजचं नाव "शेअर्सचा पीकविमा". आत पाच मुद्दे. थोडक्यात असं, की तुमच्याकडं शेअर आहेत ना, मग ते तारण ठेवून दर आठवड्याला निफ्टीचे (50 मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) 2 लॉट (ठरलेले गठ्ठे) पुट विका, त्याचे येणारे पैसे, म्हणजे प्रीमियम, हाच तुमचा विमा. कॉल (ठरलेल्या भावात विकत घ्यायचा हक्क) विका, ते घरभाडं. कॉल विकून आलेल्या पैशात पुट घ्या, विमा फुकट. मोठे परदेशी फंड हेच करतात. आणि शेअर विकलेच नाहीत म्हणून टॅक्स पण नाही. खाली हात जोडलेला इमोजी, आणि कोर्सची लिंक. लिंक असणारच.

पहिल्या मुद्द्यावरच माझं डोकं फिरलं, म्हणून तिथंच जरा थांबतो.

पुट म्हणजे काय, साधं सांगतो. पुट विकत घेणारा म्हणतो, भाव पडला तर माझं नुकसान तू भरून दे, त्याचे हे घे पैसे. म्हणजे विमा काढणारा तो. आणि पुट विकणारा? तो विमा कंपनी. पडझड झाली की भरपाई त्यानं द्यायची. आता मामाकडं 11 लाखांचे शेअर आहेत, मार्केट पडलं की ते पडणारच. वरून मामानं पुट विकले, म्हणजे मार्केट पडलं की दुसऱ्याची भरपाई पण मामानंच भरायची. मांजरा नदीच्या काठाला आपलं शेत, आणि पूर आला तर शेजाऱ्याची भरपाई देतो म्हणून त्याच्याकडनं आपणच हप्ता घेतला, असा प्रकार आहे हा. 2025 च्या सप्टेंबरात आपल्याकडं पुरानं काय झालं ते बघितलंय ना सगळ्यांनी, पाणी एका बांधाला धरून थांबत नसतं.

उदाहरण घ्या, 4 जून 2024. लोकसभेचा निकाल. त्या एका दिवसात निफ्टी 1,379 अंक पडला, जवळजवळ 6 टक्के. मामाच्या 11 लाखांचे त्या हिशोबानं 65 हजार कमी झाले असते. ठीक आहे, ते कागदावरचे, सोसले असते. पण सोबत आदल्या दिवशीच्या भावाचे 2 लॉट पुट विकलेले असते तर? 2025 मध्ये निफ्टीचा लॉट 75 चा होता, तोच धरू. 1,379 गुणिले 75, गुणिले 2, झाले 2 लाख 6 हजार. हातात आलेला प्रीमियम त्यातून वजा करा, तरी मूळ नुकसानाच्या वर दुसरं नुकसान, आणि ह्याचं नाव विमा!

ह्यावर कोर्सवाले म्हणणार, निफ्टी तीन दिवसांत परत वर आला की. आला, मान्य. 3 जूनला 23,263 ला बंद झाला होता, 7 जूनला 23,290 ला. ज्यानं नुसते शेअर धरून ठेवले, फोन बंद करून शेतावर गेला, त्याचं फारसं काहीच गेलं नाही. पण पुट विकणाऱ्याला ब्रोकर तीन दिवस देत नसतो ना. मार्केट पडलं की विकलेल्या पुटचं मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडं ठेवायची अनामत, वाढतं, आणि जे शेअर तारण ठेवून ते मार्जिन घेतलं त्यांची किंमत त्याच वेळी घसरते, म्हणजे दोरी दोन्हीकडनं आवळते, पैसे भरा नाहीतर सौदा कापतो म्हणून मेसेज येतो, आणि दुपारी दीड वाजता उदगीरात बसलेला रिटायर मास्तर कुठून लाख-दीड लाख उभे करणार? सौदा तळालाच कापला जातो, मग तीन दिवसांनी निफ्टी वर गेला काय आणि खाली गेला काय.

ह्या धंद्यात कमावतं कोण, तर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये त्याचा अभ्यासच काढलाय. तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून जास्त साध्या लोकांनी एफ अँड ओ, म्हणजे हे वायदे-ऑप्शनचे सौदे, केले, त्यातले 93 टक्के तोट्यात, सरासरी माणशी 2 लाखांच्या आसपास, सगळे मिळून 1.8 लाख कोटींच्या वर. हे आकडे सगळ्या ट्रेडर लोकांचे आहेत, नुसत्या हेज करणाऱ्यांचे, म्हणजे आपलं नुकसान अडवायला सौदा करणाऱ्यांचे, नाहीत, हे मी लपवत नाही. पण शेअर असताना वरून पुट विकणारा हेज करतच नसतो, तो त्या एक कोटीतलाच एक. मेसेजमधला मोठ्या परदेशी फंडांचा मुद्दा पण इथंच निकालात निघतो, कारण त्याच अभ्यासात परदेशी फंडांचा 2023-24 चा ढोबळ नफा 28 हजार कोटी आहे आणि त्यातला 97 टक्के अल्गोमधनं, म्हणजे मशीननं केलेल्या सौद्यांतनं आलाय. मामाला छतावर गेल्याशिवाय ओटीपी येत नाही.

घरभाड्याचं बघा. कव्हर्ड कॉल, म्हणजे आपल्याकडच्या शेअरवर कॉल विकणं, ही खरी गोष्ट आहे, पण त्याला त्या शेअरचा पूर्ण लॉट आपल्याकडं लागतो, आणि एकेका शेअरचा लॉट कित्येक लाखांचा. मामाकडं ह्याचे 120, त्याचे 80. लॉटभर शेअर नसताना कॉल विकला तर कव्हर्ड कसला, उघडाच. आणि समजा असले लॉटभर, तर 2019 पासून शेअरवरच्या ऑप्शनची, म्हणजे कॉल-पुटची, डिलिव्हरी होते, भाव स्ट्राइकच्या म्हणजे ठरलेल्या भावाच्या वर गेला की शेअर त्याच भावात द्यावे लागतात. भाडेकरू घर घेऊन जातो असलं भाडं मी तरी बघितलं नाही.

फुकट विम्यात अर्धं खरं आहे, ते सांगायलाच पाहिजे. पुट विकत घेतला तर जास्तीत जास्त प्रीमियम बुडतो आणि खालचं नुकसान अडतं, ह्यात काही खोटं नाही. एखाद्याकडं एकाच कंपनीचे ढीगभर शेअर आहेत, काही कारणानं विकता येत नाहीत, आणि पुढं निकाल-बजेट काहीतरी आहे, त्यानं महिनाभराचा पुट घेतला तर तो शहाणाच. पण फुकट? कॉल विकून खर्च काढला म्हणजे वरचा नफा विकून टाकला, किंमत दिलीच की. आणि नुसता पुट घेत राहायचं म्हटलं, तर मार्केट शांत असताना सुद्धा चालू भावाजवळचा महिन्याचा निफ्टी पुट साधारण एक-सव्वा टक्क्याला पडतो, बारा महिन्यांचे झाले बारा-पंधरा टक्के, म्हणजे वर्षाचं पीक हप्त्यातच गेलं. त्यात निफ्टीसारख्या निर्देशांकाचा नवीन कॉन्ट्रॅक्ट किमान 15 लाखांचा पाहिजे असा सेबीचा ऑक्टोबर 2024 चा नियम. मामाचे शेअर 11 लाखांचे, त्यातले अर्धे असले बारके की त्यांच्यावर ऑप्शनच नाहीत, आणि ते निफ्टीच्या मागं मागं चालतील ह्याची हमी कोणी द्यायची?

पीकविम्याचं नाव का घेतलं तेही कळतंय मला. 2023 च्या खरिपापासून आपल्याला एक रुपयात विमा मिळाला, म्हणून विमा म्हटलं की स्वस्त वाटतो. पण शेतकऱ्याचा बाकी हिस्सा राज्य सरकार भरत होतं, म्हणून तो रुपया होता, आणि 2025 ला तेही बंद झालं. मामाच्या पुटचा हिस्सा कोण भरणार? आणि खरी गंमत म्हणजे ज्याला हेजिंगची गरज आहे त्या आमच्या लातूरच्या सोयाबीनवाल्याला मात्र रस्ता बंद केला. 20 डिसेंबर 2021 ला सेबीनं सोयाबीनचे वायदे (पुढच्या तारखेचा भाव आज ठरवायचे सौदे) थांबवले आणि मग मुदत वाढवतच राहिले. त्यावर एकाही कोर्सवाल्याचा मेसेज बघितला नाही मी.

टॅक्सचं तर एका ओळीत. एफ अँड ओ हे धंद्याचं उत्पन्न, साधा सरळ आयटीआर-1 भरणाऱ्या मामाला आयटीआर-3 लागणार, आणि तोटा झाला तर तो पेन्शनमधनं वजा होत नाही.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं, पाऊण तास. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग दिवाळीला माडीच्या बांधकामाला तीन लाख लागायलेत, तोवर मार्केट पडलं तर?" म्हटलं, तीन लाखांचे शेअर आज विका, एफडी करा, तेवढ्या पैशाला कसलाच विमा लागत नाही.

"ते तर मला पण माहीत होतं रे," मामा म्हणले, "पण त्याचा मेसेज कोणी पाठवला नव्हता."