आवाज वाढला, ट्रान्समीटरची शक्ती नव्हे

आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्राने ट्रान्समीटरची शक्ती गुपचूप वाढवल्याचा संदेश नेरूळ-वाशी परिसरात फिरत आहे, तो चुकीचा आहे. एफएममध्ये शक्ती वाढवल्याने पोहोच वाढते, आवाज नव्हे. आवाजाची पातळी वारंवारतेच्या विचलनावर (ध्वनीनुसार प्रसारणाची वारंवारता किती सरकते यावर) ठरते आणि त्याची कमाल मर्यादा ७५ किलोहर्ट्झ आहे. बदलले ते केवळ कंप्रेसरचे (मोठ्या आणि हळू आवाजांतला फरक कमी करणाऱ्या यंत्रणेचे) सेटिंग : मोठे आवाज दाबण्याचे गुणोत्तर २:१ वरून ४:१ केले आणि रिलीजचा काळ (मोठा आवाज ओसरल्यावर दाब सुटायला लागणारा वेळ) कमी केला, त्यामुळे मोठे आवाज दबले, एकूण पातळी उचलता आली आणि रिक्षाच्या गोंगाटातही हळू बोलणे ऐकू येऊ लागले. निवेदकाचा श्वासही खटकतो, ही तक्रार मात्र खरी आहे (आम्हालाही तो खटकला). दाब लवकर सुटल्याने शब्दांमधला श्वासही उचलला जात होता, म्हणून रिलीजचा काळ पुन्हा वाढवला आहे.