लसूण औषधात धरत नाहीत

डोळे तपासणाऱ्या मुलीने मला हनुवटी टेकवायला सांगितली, यंत्राच्या पलीकडून स्वतःचा डोळा लावला आणि लगेच काढून घेतला. "सर, श्वास जरा रोखून धरता का?" डोळ्यांच्या तपासणीत श्वासाचा काय संबंध, असं विचारायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि ते उघडू नये हाच तर तिचा मुद्दा होता. मग ती बाहेर जाऊन मास्क घेऊन आली. दोन. एक तिच्यासाठी, एक माझ्यासाठी. तिचा कुणाला दिसला नसता तरी चाललं असतं. माझा मात्र सगळ्या दवाखान्याने पाहिला.

कारण एवढंच, की माझं कोलेस्टेरॉल काठावर आलंय आणि ताईने फोनवरून लसूण लावून दिलाय. सकाळी, उपाशीपोटी, कच्चा, ठेचून दहा मिनिटं ठेवलेला. ताई परगावी राहते. फोनमधून वास जात नाही.

ठेचून ठेवण्यामागे शास्त्र आहे, हे मान्य. अख्ख्या पाकळीला तसा वास नसतोच. आत अ‍ॅलिइन नावाचं द्रव्य एका कप्प्यात आणि अ‍ॅलिनेज नावाचं विकर दुसऱ्या कप्प्यात, असे दोघे गुण्यागोविंदाने राहत असतात. आपण ठेचलं की मधल्या भिंती पडतात, दोघांची गाठ पडते आणि उग्र वासाचं अ‍ॅलिसिन जन्माला येतं. लसणाने ही सोय स्वतःला खाणाऱ्याला पळवून लावण्यासाठी केलेली आहे. गंमत अशी की खाणारा पळत नाही, बाकीचे पळतात.

तर डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून मला बाहेर बाकावर बसवलं. तिथे आधीच पाचसहा माणसं डोळे मिटून बसलेली. एरवी हा केवढा एकांत! कुणी कुणाला बघत नाही, ओळख दाखवायला नको. पण डोळे बंद झाले की माणसाकडे नाकच उरतं, आणि त्या बाकावरची सगळी नाकं रिकामी होती.

"लसूण कुणी खाल्लाय?" टोकाकडून खणखणीत आवाज आला.

कुणी बोललं नाही. मीही नाही.

"लाजू नका हो. शाबासकी द्यायचीय."

"इकडच्या बाजूला आहेत ते," माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या. डोळे न उघडता माणसाला पकडून देता येतं, हे मला तेव्हा कळलं.

काका बाक चाचपत, दोघांच्या गुडघ्यांना धडकत माझ्यापर्यंत आले. शेजारच्या बाईंनी जागा आनंदाने सोडली.

"किती पाकळ्या?"

"दोन."

"छे! पाच घ्या. माझं वीस वर्षं चालू आहे. प्रेशर, गुडघे, सर्दी, केस, सगळ्यावर."

"केसांवरही?"

"दाखवले असते, पण तुमचे डोळे मिटलेत ना."

(नंतर डोळे उघडल्यावर पाहिलं. अंधुक दिसत होतं, तरी नसलेलं दिसायला अडचण आली नाही.)

"पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांना लसूण द्यायचे, माहितीय?" काकांनी विचारलं. माहीत होतं. मजुरांच्या मुळा-कांदा-लसणावर 1600 टॅलेंट (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी खर्च झाल्याचं हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय. इजिप्तचा राजा तुतनखामन याच्या थडग्यातही लसूण सापडला. पण तो राजा विशीही न गाठता गेला, हे मी बोललो नाही. माणूस शाबासकी द्यायला आलेला होता.

कोलेस्टेरॉलचं मात्र मला राहवेना. अमेरिकेत स्टॅनफर्डला माझ्यासारख्याच काठावरच्या 192 लोकांवर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2007 साली आले. आठवड्यातले सहा दिवस, सहा महिने, कुणाला सँडविचमध्ये कच्चा लसूण, कुणाला लसणाच्या दोनपैकी एका प्रकारच्या गोळ्या, कुणाला नुसतीच खोटी गोळी. वाईट कोलेस्टेरॉल कुणाचंही हललं नाही.

"त्यांचा लसूण वेगळा," काका म्हणाले. विषय संपला.

कोरोनाच्या वर्षी, म्हणजे 2020 साली, लसूण आरोग्याला चांगला असला तरी त्याने हा रोग टळतो याला पुरावा नाही, असं खुद्द जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर करावं लागलं होतं, हेही सांगून पाहिलं.

"टळायचा की! जवळ येतंय कोण?"

यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाकावरून एक दबलेलं हसू ऐकू आलं. बहुतेक त्या बाईच.

या वासाचा माझा अभ्यास आता बऱ्यापैकी झालाय. लोक सांगतात दात घासा, चूळ भरा, बडीशेप चघळा. पण वास तोंडातून येत असेल तर ना! लसणातल्या गंधकाचा अ‍ॅलिल मिथाइल सल्फाइड नावाचा एक अवतार आहे, तो पोटातून रक्तात शिरतो आणि फुप्फुसांतून, घामातून तासन् तास बाहेर पडत राहतो. म्हणजे मी कितीही घासलं तरी माझे दात स्वच्छ होतात, मी नाही. दूध, कच्चं सफरचंद, पुदिना यांनी तो बराच कमी होतो, असं प्रयोगांत दिसलंय. पण दूध लसणाबरोबर घेतलेलं बरं, नंतर घेतलेलं तितकं नाही. उपाशीपोटी घ्यायचं औषध दुधाबरोबर कसं घ्यायचं, हे ताईला विचारलं. ती म्हणाली, "इतका विचार करतोस म्हणूनच वाढतं तुझं कोलेस्टेरॉल."

प्रागच्या काही संशोधकांनी तर 2016 साली असं छापलं, की लसूण खाल्लेल्या पुरुषांच्या काखेचा वास बायकांना न खाल्लेल्यांपेक्षा जास्त आवडला. लसूण थोडा दिला तेव्हा काही फरक पडला नव्हता, दुप्पट दिल्यावर पडला. हे मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "मग तिकडेच जाऊन राहा."

मला राग लसणाचा नाही. रक्तदाब जास्त असणाऱ्यांना त्याने थोडा उतार पडल्याचं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय, अगदीच टाकाऊ वस्तू नाही ती. राग येतो तो लसूण खायला सांगून निघून जाणाऱ्यांचा. पोटात जळजळ माझ्या, गॅस मला, मास्क मला, आणि गुण आला तर तो ताईला. वर "नैसर्गिक आहे, अपाय होतच नाही" हे पालुपद. काकांनीही तेच आळवलं आणि त्याच दमात गुडघ्याची गोष्ट सांगितली. ठेचलेला लसूण गुडघ्याला बांधून झोपले, सकाळी टरारून फोड. "विष बाहेर पडलं सगळं!" कच्चा लसूण कातडीवर बांधून ठेवला तर कातडी भाजते, काका. त्याला विष बाहेर पडणं म्हणत नाहीत. एवढं मी म्हणालो, तर त्यांनी माझ्या खांद्यावर सांत्वनाचा हात ठेवला.

तेवढ्यात सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. काकांच्या मोतीबिंदूची तारीख ठरायची होती.

"औषधं कुठली चालू आहेत?"

"प्रेशरची एक. आणि रक्त पातळ व्हायची एक."

"आणखी काही? घरगुती, झाडपाल्याचं?"

"काही नाही. मी औषधांच्या विरुद्ध आहे."

मी डोळे उघडले. लसणानेही रक्ताची गुठळी व्हायची क्रिया मंदावते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर रोज भरपूर लसूण खात असाल तर डॉक्टरला सांगा, हे कुठल्याही फार्मासिस्टला विचारा. लसणाच्या गोळ्या तर ऑपरेशनच्या काही दिवस आधी बंदच करायला सांगतात. "काका, लसूण सांगा त्यांना," मी म्हणालो.

"लसूण म्हणजे काय औषध आहे का?" काका उसळले. गेला अर्धा तास जे प्रेशर, गुडघे, सर्दी आणि केस यांवरचं रामबाण औषध होतं, ते फॉर्म दिसताच भाजीत जाऊन बसलं.

"किती खाता?" सिस्टरनी पेन तसंच धरून विचारलं.

"पाच पाकळ्या. कच्च्या. रोज."

"तारखेआधी डॉक्टरांशी बोलून घ्या." सिस्टर लिहू लागल्या. लसणाला रकाना नव्हता. तंबाखूला होता, दारूला होता. त्यांनी 'इतर'मध्ये कसंबसं बसवलं.

काका फुरंगटून गप्प बसले. मग एकटंच का अडकायचं, असं वाटलं असावं. "ह्यांचंही लिहा, सिस्टर. ह्यांच्या दोन असतात."

"त्यांचं लिहायला नको," सिस्टर म्हणाल्या. "कळतंय."