फुईची बादली, कलमी झाडं आणि एक बिनडोक मेसेज

‘आखाजीचा आंबा घेण्याआधी हे वाचा, नाहीतर पस्तावाल!’ अशा मथळ्याचा, लाल चिन्हांनी भरलेला एक मेसेज खान्देशातल्या ग्रुपांवर फिरतोय. (आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, पितरांच्या घागरीवर आंबा ठेवायचा सण.) खाली सही काय, तर ‘एका कृषितज्ज्ञाकडून साभार’. तज्ज्ञाला नाव नाही, गाव नाही. असल्या मेसेजला उत्तर द्यायची मला हौस नाही. पण तो अमळनेरला माझ्या फुईपर्यंत, म्हणजे आत्यापर्यंत, पोचला. तिने बाजारातून आणलेलं बदाम आंब्याचं अख्खं कॅरेट बादलीत ओतलं आणि जे आंबे तरंगले ते म्हशीपुढे टाकले. वर मला फोन केला, ‘भो, हाई खरं शे का? मळ्यातले कलमी झाडं बी तोडना पडतीन का?’

झाडं तोडण्यापर्यंत गोष्ट आली, म्हणून लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पाण्यात तरंगणारा आंबा कार्बाइडचा. कलमी आंबा म्हणजे हायब्रिड. तो शरीराला घातक आणि पितरांच्या घागरीवरही चालत नाही, म्हणून कलमी झाडं काढा, कोय लावा, तिसऱ्या वर्षी तोच आंबा मिळेल. झाड फळत नसेल तर खोडात खिळे ठोका. आंब्याच्या पानांचा काढा घ्या, साखरेची गोळी बंद करा. आंब्यावर कोल्ड्रिंक प्यायलात तर मेलात. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटी: हापूसची बाग लावा, एकरी दहा लाख कमवा. हापूस कलमाशिवाय लावायचा कसा, हे तज्ज्ञांनाच विचारा.

आधी बादली. पाण्यात टाकून बघायची चाचणी खोटी नाही, पण ती कार्बाइडची नाहीच. आंबा झाडावर पुरता तयार झाला होता की कोवळाच उतरवला, एवढंच त्यातून कळतं. कैरी जून होत जाते तसा गरात पिष्टाचा भरणा होतो आणि फळ पाण्यापेक्षा किंचित जड होतं. हापूसच्या काढणीसाठी विशिष्ट गुरुत्व १.०१ ते १.०२ सांगतात ते यामुळेच. पाण्याचं १ असतं, म्हणून तयार फळ बुडतं आणि कोवळं तरंगतं. शेजारी कार्बाइडची पुडी ठेवल्याने आंब्याचं वजन बदलत नाही. म्हणजे फुईने म्हशीला घातले ते बहुधा कोवळे काढलेले, बेचव निघाले असते असे आंबे.

आता मेसेजातलं अर्धं खरं मान्य करतो, नाइलाजाने. आखाजीच्या आधी भाव चढा असतो, म्हणून दक्षिणेकडून येणारा बराच माल कोवळाच उतरवलेला असतो, आणि असा माल लवकर पिवळा दिसावा म्हणून कार्बाइड वापरणारे व्यापारी आहेत. तरंगणाऱ्या आंब्यावर शंका घ्यायला एवढी जागा आहे. पण उलट्या बाजूचं काय? चांगला तयार आंबा कार्बाइडवर पिकवला तरी तो बादलीत बुडणारच. मेसेज वाचून बसलेली माणसं तो ‘पास’ झाला म्हणून नातवंडांना कापून देणार. म्हणून ही चाचणी मला नुसती चुकीची नाही, धोक्याची वाटते.

कार्बाइडबद्दल कायदा काय म्हणतो ते कुणीच पुढे पाठवत नाही, कारण त्यात लाल चिन्हं नसतात. अन्नसुरक्षा आणि मानके कायद्याखालच्या २०११ च्या विक्री-प्रतिबंध विनियमांत, २.३.५ या कलमात, कार्बाइड वायूने पिकवलेली फळं विकायला, विकायला ठेवायला किंवा विक्रीसाठी जवळ बाळगायलाही बंदी आहे. कारण साधं आहे. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलिन वायू निघतो, आणि बाजारात मिळणारं कार्बाइड हे वेल्डिंगच्या कामाचं, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. त्याच नियमांनी इथिलीन वायूला मात्र परवानगी दिली आहे, दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत. इथिलीन हा काही कुठल्या कारखान्याचा शोध नाही, पिकताना आंबा स्वतःच तो सोडतो. आपली आढी चालते ती यावरच: पेंढ्यात दाबून ठेवलं की वायू आणि ऊब दोन्ही आतच राहतात. जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगायची तर गरजच नसावी. केळी पिकवायचे रायपनिंग चेंबर रावेर-सावद्याकडे बघितलेले असतात आपण. तिथल्या इथिलीनची केळी बिनघोर खायची आणि त्याच इथिलीनवर पिकलेल्या आंब्याला विष म्हणायचं, हा कुठला न्याय?

घरी तपासायचंच असेल तर बादलीपेक्षा डोळे वापरा. सालीवर काळपट डाग पडलेली फळं घेऊ नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणही सांगतं. बाहेरून एकसारखा पिवळाधमक आणि आत देठापाशी पांढरट, कडक असा आंबा निघाला तर पुढच्या वेळी दुकानदार बदला. फळ धुऊन घ्या. घरच्या घरी याहून खात्रीची कुठली जादू नाही.

आता मेसेजचा खरा मूर्खपणा, ज्यावरून फुई झाडं तोडायला निघाली. ‘कलमी म्हणजे हायब्रिड.’

कलम म्हणजे काय? चांगल्या आंब्याच्या झाडाची काडी घ्यायची आणि दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बसवायची. बस. यात कुणाचा कुणाशी संकर होत नाही. ती काडी मूळ झाडाचाच तुकडा असते, म्हणून तिला लागणारं फळही मूळ झाडाचंच. केसरचंच घ्या. १९३१ साली जुनागढच्या संस्थानात गिरनारच्या पायथ्याला लाल ढोरीच्या शेतावर याची पंचाहत्तरेक कलमं लावली, आणि १९३४ मध्ये नवाब महाबतखान तिसरे यांनी गराचा रंग बघून ‘हा तर केसर’ म्हटलं, तेव्हापासून ते नाव चिकटलं. आज गीरपासून मराठवाड्यापर्यंत आणि आपल्या शिरपूर-चोपड्यापर्यंत जो केसर आहे तो त्याच झाडाच्या फांद्यांच्या फांद्यांचा विस्तार आहे. दशहरीचं तसंच. लखनौजवळच्या दशहरी गावात तिचं मूळ झाड अजून दाखवतात. हापूस, लंगडा, पायरी, बदाम सगळे असेच हातोहात, काडीकाडीने आलेले.

आणि मग हायब्रिड कोण? ऐकून वाईट वाटेल, पण मेसेजवाल्याच्या व्याख्येने हायब्रिड आहे तो बांधावरचा गावरान. आंब्याच्या मोहोरावर माश्या बसतात आणि एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात. त्यातून जी कोय तयार होते तिच्यात आई कोण ते माहीत असतं, बाप कोण ते माशीलाच ठाऊक. म्हणून तर आपल्याकडे बांधाबांधावर शेप्या वेगळा, खोबऱ्या वेगळा, शेंदऱ्या वेगळा; एकाच झाडाखाली उगवलेल्या दोन कोयींचे आंबेसुद्धा सारखे निघत नाहीत. ठरवून संकर केलेल्या जाती आहेत, नाही असं नाही. कोकण कृषी विद्यापीठाची रत्ना ही नीलम आणि हापूसची, आम्रपाली दशहरी आणि नीलमची. पण त्यातही माशीचं काम माणसाने हाताने केलं, एवढाच फरक. पोटात जाऊन त्यातलं काहीही साठून राहत नाही.

‘कोय लावा, तिसऱ्या वर्षी तोच आंबा’ या वाक्यात दोन थापा आहेत. कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोहोर धरतो. कोयीच्या झाडाला सहा ते दहा वर्षं लागतात. आणि येईल तो ‘तोच’ नसेल. ओलूर, बप्पाकाई अशा दक्षिणेच्या किनाऱ्याकडच्या काही मोजक्या जातींच्या कोयीतून मूळ झाडासारखी रोपं येतात हे खरं; पण केसर, हापूस, लंगडा, बदाम यांच्या कोयीत तसं होत नाही. केसरची कोय लावून दहा वर्षं पाणी घाला आणि मग लोणच्याचा आंबा निघाला तर रडू नका.

शिवाय फुईच्या मळ्यातली जी केसरची झाडं आहेत, त्यांच्या बुडाशी आहे काय? गावरान कोयीचंच रोप. नर्सरीवाले कलम बांधायला खुंट म्हणून तेच वापरतात, कारण काळ्या जमिनीत आणि आपल्या उन्हात तेच टिकाव धरतं. म्हणजे ज्या झाडावर कुऱ्हाड चालवायची त्याची मुळं गावरान, खोडाचं बूड गावरान, त्यावरचं सगळं जुनागढचं. तोडून मिळवायचं काय?

आणि खरंच कुणाला गावरानचं प्रेम असेल, मला आहे, रसाला शेप्याच्या तोडीचं दुसरं काही नाही, तर त्यानेच कलम करायला शिकलं पाहिजे. आमच्याकडच्या विहिरीवरचा जुना शेप्या आता पोकळ झालाय. त्याच्या कोयी लावून शेप्या मिळणार नाही. मिळेल तो काडीनेच. पावसाळ्याच्या तोंडाला गावरान रोपांवर कोवळ्या फुटव्यात त्याची काडी पाचर कलमाने बसवायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची, वरून पिशवीची टोपी घालायची. तालुक्यातला कुठलाही चांगला माळी हे करून देतो. सातपुड्यात अक्कलकुवा-धडगावकडे गावरान आंब्यांची मोठी झाडं आहेत, त्यांच्या कैऱ्यांच्या आमचुरावर कित्येक घरांचा उन्हाळा निघतो. त्या झाडांमधलीही निवडक झाडं राखायची तर रस्ता हाच.

पितरांचं म्हणाल तर मेसेजवाल्याने आंब्याचं झाड कधी पाहिलंय का, असाच प्रश्न पडतो. आखाजी एप्रिलच्या दुसऱ्या किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते. खान्देशातला गावरान पाडाला लागतो तो मेच्या शेवटी, पिकतो जूनच्या आगेमागे. आखाजीला तो झाडावर कैरीच असतो. घागरीवर ठेवलेला आंबा आणि पुरणाच्या मांड्यांबरोबरचा रस हा पूर्वीपासून बाहेरून आलेल्या मालाचाच जास्त. तो पितरांनी इतकी वर्षं गोड मानून घेतला, आता त्यांच्या वतीने हरकत घेणारे हे कोण?

बाकीचं भराभर. खिळे ठोकू नका. जखम झाली की तिथून खोडकिडा आणि बुरशी आत शिरते. बहर अनियमित असेल तर आंब्याचा आड वर्षी फळायचा स्वभाव आहे आणि त्यावर पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे आपलं कल्टार, हा उपाय आहे. विस्ताराच्या दर मीटर व्यासाला पाऊण ग्रॅम मूळ औषध या हिशेबाने पावसाळ्यात बुडाशी देतात, तेही झाड वयात आल्यावर आणि कृषी अधिकाऱ्याला विचारून. कोल्ड्रिंकचं तर हसू येतं. आंब्यात सायट्रिक आम्ल असतं म्हणे, त्याचं कार्बोनिक आम्लाशी विष होतं. अनेक कोल्ड्रिंकच्या बाटल्यांवर घटकांत सायट्रिक आम्ल छापलेलं असतं, आणि कार्बोनिक आम्ल म्हणजे त्यातल्या बुडबुड्यांचा वायू पाण्यात विरघळून होतं ते. एकाच बाटलीत दोन्ही सुखाने नांदतात.

काढ्याबद्दल मात्र हसत नाही. साखरेची गोळी डॉक्टरांनी सुरू केलेली असते, ती बंद करायचा अधिकार व्हॉट्सॲपला नाही. फुईला शुगर आहे. तिने काढा सुरू केला नव्हता, एवढं बरं. फोनवर पहिला प्रश्न मी तोच विचारला. आंबा किती खायचा हेही तिने तिच्या डॉक्टरांना विचारावं, मला नाही.

राहिला एकरी दहा लाखांचा हापूस. अतिघन लागवड खरी आहे, जळगावच्या जैन इरिगेशनने ती गावोगाव पोचवली. तीन बाय दोन मीटरवर एकरी ६७४ झाडं बसतात. पण त्याला ठिबक लागतं, दरवर्षी काढणीनंतर छाटणी लागते, आणि जात हवामानाला धरून घ्यावी लागते. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीला भाजून निघणाऱ्या तापीकाठी त्याची प्रत तशी उतरत नाही. तापलेल्या जमिनीच्या उष्णतेने फळात साका (गराचा पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग) धरतो, तो कोकणातल्यांनाही चुकत नाही. आपल्याकडे केसर बरा, आणि तोही दहा लाखांच्या हिशेबाने नव्हे. ज्याने तो आकडा लिहिला, त्याने आधी आपला सातबारा आणि गेल्या वर्षीची विक्रीची पट्टी ग्रुपवर टाकावी.