ब्लोअरसकट ट्रॅक्टर आणि ८७०१ चा वाद

"शेतकऱ्यांचा गट शेतीसाठी आणतोय म्हटल्यावर तो शेतीचाच ट्रॅक्टर झाला ना? यात वाद कसला?" अण्णाने कॅटलॉग टपरीच्या बाकावर आपटला आणि शनिवारची पूर्ण संध्याकाळ त्या एका प्रश्नात गेली.

अण्णा आमच्याच वर्गातला. पनवेल सोडून आता निफाडकडे घरची द्राक्षबाग बघतो. त्यांच्या गटाला इटलीहून अरुंद ट्रॅक्टर मागवायचा आहे, द्राक्षाच्या दोन ओळींमधून सहज जाणारा, मागे फवारणीचा ब्लोअर जोडलेला. कस्टममध्ये तो कुठल्या वर्गात नोंदवायचा, हा प्रश्न होता, कारण शुल्क त्यावर ठरतं. कट्ट्यावर नेमके हवे ते लोक होते. नाना न्हावाशेवा बंदरात सीएचए आहे, म्हणजे आयातदाराच्या वतीने कस्टमची कामं करणारा एजंट. वकील सीमाशुल्काच्या केसेस लढवतो. मिस्त्रीचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, आणि जुन्या झेटर ट्रॅक्टरपासून आजच्या मॉडेलपर्यंत त्याने उघडलं नाही असं इंजिन सापडणं अवघड.

नाना म्हणाला, "अण्णा, कस्टमच्या टॅरिफमध्ये, म्हणजे शुल्काच्या यादीत, शेतीचा ट्रॅक्टर असं हेडिंगच नाही. हेडिंग म्हणजे मालाचा चार आकडी वर्ग. ८७ वा चॅप्टर उघड. ८७०१ म्हणजे ट्रॅक्टर. त्यात एका आसाचे, सेमी-ट्रेलर ओढणारे, पट्ट्यांवर चालणारे, आणि मग उरलेले. तुझा उरलेल्यांत. त्यांचे भाग इंजिनच्या ताकदीवर पाडलेत. १८ किलोवॅटपर्यंत, १८ ते ३७, ३७ ते ७५, ७५ ते १३० आणि त्यापुढे. तू त्याने द्राक्षं फवार नाहीतर विटा ओढ, टॅरिफ ते विचारत नाही."

"मग आरटीओत शेतीचा म्हणून नोंद कशी होते रे?"

"तो कायदा वेगळा," वकील म्हणाला. "मोटार वाहन नियमांत शेतीच्या ट्रॅक्टरची व्याख्या आहे. शेतातल्या कामांची अवजारं किंवा शेतमालाची ट्रॉली जोडून चालवण्यासाठी तयार केलेलं चारचाकी वाहन. कस्टमची व्याख्या ८७ व्या चॅप्टरच्या टीप २ मध्ये आहे. दुसरं वाहन, अवजार किंवा भार ओढायला वा ढकलायला मुख्यतः बांधलेलं वाहन म्हणजे ट्रॅक्टर. त्यावर बियाणं, खत, हत्यारं ठेवायची थोडी सोय असली तरी तो ट्रॅक्टरच. ही व्याख्या दिल्लीत बसून कोणी लिहिलेली नाही. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची मालाच्या वर्गवारीची हार्मोनाइज्ड सिस्टिम १९८८ पासून लागू आहे, दोनशेहून जास्त देश आणि प्रदेश ती वापरतात. मालाच्या कोडचे पहिले सहा आकडे तुझ्या इटलीवाल्याचे आणि आपले सारखेच असायला हवेत."

अण्णाला हे पटेना. "शेतकऱ्याचा हेतू बघायचाच नाही, हा कसला न्याय?"

इथे मी अण्णाच्या विरोधात बोललो, आणि आजही माझं मत तेच आहे. वापरावर वर्गवारी ठरली तर पहिला फटका शेतकऱ्यालाच बसेल. कोल्हापूर-सांगलीकडे एकच ट्रॅक्टर पावसाळ्याआधी नांगरतो आणि गळीत हंगामात कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्या ओढतो. मग तो वर्षातून दोनदा हेडिंग बदलणार का? आणि बदलला की नाही हे बघायला बांधावर कोण येणार? यंत्र बंदरात उतरतं तेव्हा जसं बांधलेलं आहे तसंच ते तपासलं जावं. इंजिन, गिअर, मागची जोडणी, अवजाराला इंजिनची ताकद देणारा पीटीओ शाफ्ट या गोष्टी अधिकारीही बघू शकतो आणि आपणही दाखवू शकतो. हेतू दाखवता येत नाही, त्यावर फक्त भांडता येतं.

नानाने माझी बाजू घेतली. "रोज बघतो ना मी. बंदर, विमानतळ, गोदाम, सगळीकडे काहीतरी ओढणारी वाहनं असतात. रेल्वेच्या फलाटावर सामानाच्या गाड्या ओढणारा ट्रॅक्टर ८७०९ मध्ये जातो. ८७०१ च्या पहिल्याच ओळीत लिहिलंय की ८७०९ मधले ट्रॅक्टर सोडून. नुसतं ओढतो म्हणून ८७०१, असं नाही होत."

आणि मग नाना ब्लोअरवर आला. मला वाटतं, अण्णाच्या बाबतीत खरी अडचण इथेच होती. अण्णाच्या डोक्यात ट्रॅक्टर आणि ब्लोअर मिळून एक यंत्र. एकच कोटेशन, एकच किंमत, एकच कंटेनर. पण टीप २ चा पुढचा भाग अगदी स्पष्ट आहे. ट्रॅक्टरला बदलून-बदलून जोडायची म्हणून बनवलेली यंत्रं आणि अवजारं आपापल्या हेडिंगमध्येच राहतात, ट्रॅक्टरसोबत आली तरी, आणि त्यावर बसवून आली तरीसुद्धा. द्रव फवारणारी यंत्रं ८४२४ मध्ये. म्हणजे बिल ऑफ एन्ट्रीत, आयातीच्या कस्टम अर्जात, दोन ओळी, दोन वर्णनं, दोन किमती.

"इनव्हॉइसवर एकच आकडा आहे," अण्णा म्हणाला.

"तोच बदलून घे. माल जहाजावर चढण्याआधी," नाना म्हणाला. "इथे आल्यावर मी अंदाजाने किंमत फोडली की पुढचा प्रश्न येतो, फोडली कशावरून? मग पत्रव्यवहार, आणि तोवर कंटेनर यार्डात उभा. भाडं चालू."

"आणि उलटंही लक्षात ठेव," वकील म्हणाला. "स्वतःच्या इंजिनावर चालतं म्हणून प्रत्येक यंत्र ट्रॅक्टर होत नाही. कंबाइन हार्वेस्टर स्वतः चालतो, पण तो कापायला आणि मळायला बांधलाय, ओढायला नाही. तो ८४३३ मध्ये."

मिस्त्री इतका वेळ कॅटलॉगमध्ये डोकं घालून होता. "अण्णा, ही ताकद पन्नास सीव्ही लिहिलीय. हे आपले एचपी नव्हेत."

त्याने टपरीवरच्या बिलाच्या मागे हिशेब मांडला. आपण वर्कशॉपमध्ये ज्याला एचपी म्हणतो, ते ०.७४६ किलोवॅट. पन्नास एचपी म्हणजे ३७.३ किलोवॅट. पण इटलीत सीव्ही म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती, ०.७३५५ किलोवॅट. पन्नास सीव्ही म्हणजे ३६.८. एक आकडा ३७ च्या वर, दुसरा खाली. पन्नास हा आकडा तोच, आणि ८७०१ मधला भाग बदलला. शिवाय १ जानेवारी २०२३ पासून ३७ किलोवॅटच्या पुढच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हा धुराचा कडक निकष लागू झाला आहे, म्हणजे ही रेघ फक्त कस्टमपुरती नाही. मिस्त्रीचं म्हणणं होतं की बनवणाऱ्याकडून किलोवॅटमध्ये लिहिलेलं इंजिनचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि एचपीचा उल्लेखच टाळायचा. यावर कोणी वाद घातला नाही.

पण त्याच्या पुढच्या सूचनेवर वकील चिडला. मिस्त्री म्हणाला, "सुटे भाग करून आणा ना. इंजिन एका खेपेत, चासी दुसऱ्या खेपेत. गॅरेजला मी जोडून देतो."

"असं बोलूही नकोस. वर्गवारीच्या नियमांत २(अ) आहे. न जोडलेली किंवा सुटी करून आणलेली वस्तू ही पूर्ण वस्तूच धरतात. अपुरी असली तरी पूर्ण वस्तूचं मुख्य स्वरूप तिच्यात असेल तर तेच. फोटोकॉपी मशीन सुटे भाग म्हणून वेगवेगळ्या बिलांवर आणणाऱ्या कंपनीचं प्रकरण १९९० साली सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. भाग एकत्र केले की मशीन पूर्ण होतं, हे न्यायालयाने बघितलं आणि कंपनी हरली. चूक झाली तर कस्टम दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन शुल्क मागू शकतं. जाणूनबुजून लपवलं असं ठरलं तर पाच वर्षं, वर दंड. गटातल्या प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर हे ओझं टाकायचंय का?"

मिस्त्री गप्प झाला. पण मला त्याचाही राग येत नाही. सुटे भाग आणून जोडणं हा आपल्याकडे ट्रॅक्टर उद्योगाचा जन्मच आहे. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी कंपन्यांच्या सहकार्याने, आधी बाहेरचे भाग आणि मग हळूहळू इथलेच भाग वापरून कारखाने उभे राहिले. पिंजोरला एचएमटीने १९७१ मध्ये झेटरच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली. पण ते उघडपणे, परवाने घेऊन, सरकारला सांगून झालं होतं. लपवून दोन खेपा करणं म्हणजे ते नव्हे.

पॉवर टिलरचा विषय निघाला तो अण्णाच्या शेजाऱ्यामुळे. त्याला कोणीतरी सांगितलंय की बाहेरचा पॉवर टिलर 'एका आसाचा ट्रॅक्टर' लिहून आणता येतो. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने पॉवर टिलर आणि त्याच्या भागांची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली नेली. ते ८४३२ मध्ये बसतात. एका आसाचा ट्रॅक्टर ८७०१ मध्ये. म्हणून लोकांना ८७०१ चा मोह होतो. नानाचं मत असं की हँडल धरून मागे चालायचं यंत्र दोन्हीकडे सारखंच दिसतं, पण एकाला माती फिरवायची पातीच मुख्य, आणि दुसरा मुळात ओढणारा, ज्याला पाहिजे ते अवजार लावता येतं. कॅटलॉगमधला फोटो पुरत नाही, जोडणीचं ड्रॉइंग लागतं. वकिलाने एवढंच म्हटलं की शेजाऱ्याने परवाना मागावा, नाव बदलू नये.

"मग शंका असली तर फायदा कोणाला?" अण्णाने विचारलं. "शंकेचा फायदा आरोपीला, तसा आयातदाराला नाही का?"

हे वकिलाचं आवडतं क्षेत्र. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी मुंबईच्या आयात आयुक्तालयाच्या एका प्रकरणात निकाल दिला. मालही शेतीच्या जवळचाच होता. जनावरांच्या खाद्यात वापरायची व्हिटॅमिन ई-५० पावडर, आणि दावा होता खाद्याच्या सवलतीच्या दराचा. निकाल असा की कर बसवणाऱ्या तरतुदीतच संदिग्धता असेल तर फायदा करदात्याला. पण सवलत देणाऱ्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर फायदा सरकारला, आणि आपण सवलतीत बसतो हे दाखवायची जबाबदारी सवलत मागणाऱ्याची. म्हणजे अण्णा ८७०१ म्हणाला आणि कस्टम दुसरं काही म्हणालं, तर ते दुसरं का हे कस्टमने दाखवायचं. पण अण्णाने 'शेतीची सवलत' म्हणून दर मागितला, तर पुरावा अण्णाने द्यायचा. आणि २०११ पासून शुल्काची पहिली आकारणी आयातदार स्वतःच करतो, तेव्हा 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

इथे माझा आवाज चढला. स्वतः आकारणी करा म्हणायचं, आणि टीप, नियम, निकाल सगळं इंग्रजीत! पंचवीस शेतकऱ्यांचा गट कोणत्या भाषेत हे वाचणार? मोठ्या आयातदाराकडे पगारी माणसं असतात. गटाकडे नाना आहे म्हणून बरं, नाहीतर कोणी ओळखीचा एजंट सांगेल ते खरं. चॅप्टर ८७ च्या दोन पानी टिपा मराठीत करून कृषी विभागाने तालुक्याला लावाव्यात, एवढीही अपेक्षा जास्त नाही.

"तोवर एक करता येतं," वकील म्हणाला. "ॲडव्हान्स रूलिंग, म्हणजे वर्गवारी आधीच लेखी ठरवून घेणं. २०२१ पासून मुंबईत त्याचं वेगळं प्राधिकरण आहे. माल यायच्या आधी अर्ज कर. कॅटलॉग, ड्रॉइंग, इंजिनचं प्रमाणपत्र जोड. दहा हजार रुपये फी, तीन महिन्यांत लेखी उत्तर. कायदा किंवा माहिती बदलली नाही तर ठरलेल्या मुदतीपर्यंत ते तुझ्यावर आणि कस्टमवर दोघांवर बंधनकारक."

नानाला हे मान्य नव्हतं. "एका ट्रॅक्टरसाठी तीन महिने? छाटणी झाली, फवारणी सुरू झाली, तोवर हा अर्जच करतोय. वाद झालाच तर बाँड आणि हमी देऊन तात्पुरती आकारणी करून घेऊ. माल सुटतो, वाद मागे चालतो. आता तर आकारणी फेसलेस आहे, न्हावाशेव्याचं बिल कुठल्यातरी दुसऱ्या शहरातला अधिकारी बघतो. कागद स्वच्छ असले की बहुतेक वेळा काही होत नाही."

"आणि झालं तर? वर्गवारीचा वाद न्यायाधिकरणातून थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. तिथवर जायला गटाकडे पैसे आहेत?"

मी वकिलाच्या बाजूने आहे. एकच ट्रॅक्टर असता तर नानाचं ऐकलं असतं. पण अण्णाच्या गटाला हा चालला तर पुढच्या वर्षी आणखी आणायचेत, आणि पहिल्याच खेपेत चुकीचा पायंडा पडला तर तो प्रत्येक खेपेला नडतो. फीचे दहा हजार गटात वाटले की माणशी चारशे रुपये.

अण्णाने पुरवठादाराला तिथूनच मेसेज टाकला. दोन वेगळ्या किमती, किलोवॅटमधलं प्रमाणपत्र आणि पीटीओच्या जोडणीचं ड्रॉइंग, तिन्ही हवेत. अर्ज करायचा की थेट मागवायचं हे गटाच्या बैठकीत ठरवतो म्हणाला. नाना अजूनही म्हणतोय की अर्जात वेळ जाईल, आणि वकील त्याला अर्जाचा मसुदा सोमवारी पाठवणार आहे.