दुरुस्तीच्या नावाखाली नवी घटना: होतकरूंसाठी मार्गदर्शन

देशाची राज्यव्यवस्था बदलायची म्हणता? मग आधीची व्यवस्था पुरती कुचकामी असायला हवी. याबाबतीत अमेरिकेतल्या तेरा राज्यांचा हात धरणारा कोणी नाही. ब्रिटनच्या करांना वैतागून स्वतंत्र झालेल्या या मंडळींनी १७८१ साली लागू झालेल्या आपल्या पहिल्या सनदेत काँग्रेसला, म्हणजे सगळ्या राज्यांच्या मध्यवर्ती सभेला, कर बसवायचा अधिकारच दिला नाही. काँग्रेसने पैसे मागायचे, राज्यांनी 'बघू' म्हणायचं. आयातीवर पाच टक्के जकात बसवायची टूम निघाली, तर १७८२ मध्ये चिमुकल्या ऱ्होड आयलंडने नन्नाचा पाढा लावला. सनदेत बदल करायला तेराच्या तेरा राज्यं राजी लागत. संपला विषय.

सैनिकांचे पगार थकवायला मात्र विसरू नका. जून १७८३ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी बंदुकांसह सभागृहाला वेढा घातला. काँग्रेसने पेनसिल्व्हेनियाकडे शिबंदी मागितली, ती मिळाली नाही, आणि ज्यांनी ब्रिटनला हरवलं ते सरकार मुकाट प्रिन्स्टनला निघून गेलं. पुढे ब्रिटनशी झालेल्या तहाला मंजुरी द्यायची, तर त्यासाठी लागणाऱ्या नऊ राज्यांचे प्रतिनिधीच जमेनात. जानेवारी १७८४ उजाडला तेव्हा कुठे गणसंख्या भरली.

तरीही कोणी हलत नसेल तर धीर धरा. १७८६ मध्ये मॅसेच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी, त्यात लढाईवरून परतलेले कित्येक शिपाई, जप्त्या थांबवायला कोर्टांवर चालून गेले. बंड मोडायला फौज लागली, तिला पैसा पुरवला व्यापाऱ्यांनी. सावकारांना घाम फुटला की घटनात्मक सुधारणेची निकड सगळ्यांनाच पटते.

आता परवानगी. ती फक्त डागडुजीची मागा. फेब्रुवारी १७८७ मध्ये काँग्रेसने 'केवळ' सनदेच्या सुधारणेसाठी परिषद बोलावली. कंत्राट डागडुजीचं घ्यायचं आणि वाडा पायापासून पाडायचा, हे कसब तिथेच शिकावं: २५ मेला कामकाज सुरू, २९ मेला व्हर्जिनियाचा नवाकोरा आराखडा टेबलावर! दारं-खिडक्या लावून घ्या, मग बाहेर उन्हाळा असला तरी चालेल. परिषदेच्या अध्यक्षपदी जॉर्ज वॉशिंग्टन बसवा. त्यांच्यासमोर 'हे बेकायदा आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसनसारखा कोणी प्रतिनिधी टिपणं काढत असेल तर काढू द्या. त्याची १८४० साली छापली गेली, तोवर परिषदेतले सगळेच, खुद्द मॅडिसनही, वारले होते.

कुणाला किती जागा, हे लहान-मोठ्या राज्यांचं भांडण दोन सभागृहं काढून मिटतं. दक्षिणेचं मन राखणं जास्त महागात पडतं, पण बिल दुसऱ्याच्या नावावर फाडता येतं. गुलामांना मत नाही. पण मालकांच्या राज्याला जागा जास्त मिळाव्यात म्हणून प्रत्येक गुलाम तीन-पंचमांश माणूस धरायचा. गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत अभय. एवढं करून 'गुलाम' हा शब्द कुठेही लिहायचा नाही, 'इतर व्यक्ती' म्हणायचं. सभ्यता पाळलीच पाहिजे.

शेवटी उत्तीर्णतेची अट बदला. तेराऐवजी नऊ राज्यं पुरेत, असं नव्या घटनेतच लिहून टाका. जून १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायर नववं ठरलं. परिषदेला फिरकलंच नव्हतं ते ऱ्होड आयलंड मे १७९० मध्ये वठणीवर आलं, तेही सिनेटने त्याच्याशी व्यापार तोडायचं विधेयक मंजूर केल्यावर, आणि ३४ विरुद्ध ३२ मतांनी. नागरिकांचे हक्क लिहायचे राहिले अशी कुरकुर झाली, तर 'आधी मंजुरी द्या, दुरुस्त्या मागाहून' म्हणा. त्या १७९१ साली आल्या.

आणि हो, पुढच्या दुरुस्त्यांना काँग्रेसची दोन-तृतीयांश मतं आणि तीन-चतुर्थांश राज्यांची संमती लागेल, हे कलम घालायला विसरू नका. उद्या कोणी तुमच्या घटनेची डागडुजी करायला आलं म्हणजे?