झाकली मूठ आणि चालू युद्ध

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली आणि त्याच वेळी कुठे युद्ध चालू असले, की एक मत हमखास पुढे येते. अमेरिकेच्या राजकारणावर मराठीत लिहिणारेही ते सिद्ध झालेल्या सत्यासारखे सांगतात. युद्धाबाबत उमेदवाराने स्पष्ट भूमिका घेऊ नये, झाकली मूठ सव्वा लाखाची, असे ते मत आहे. त्याच्या समर्थनार्थ चार गोष्टी सांगितल्या जातात: निक्सन यांनी १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्ध संपवण्याची आपली योजना गुप्त ठेवली आणि ते जिंकले, त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेल्या मॅकगव्हर्न यांनी १९७२ मध्ये सारे उघड सांगितले आणि ते हरले, उघड बोलल्याने शत्रू सावध होतो, आणि सत्तेवर आल्यावर परिस्थितीच बदलत असल्यामुळे आधीच्या शब्दांना अर्थ उरत नाही. मला हे मत चुकीचे वाटते, कारण ज्या इतिहासाचा हवाला दिला जातो, तोच बऱ्याच अंशी त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

पहिला दाखला निक्सन यांचा. ‘गुप्त योजना’ हे शब्द त्यांनी स्वतः वापरले नव्हते, ते वृत्तपत्रांतून रूढ झाले. नवे नेतृत्व हे युद्ध संपवील, एवढेच आश्वासन त्यांनी १९६८ च्या मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये दिले होते, आणि पुढे उत्तर व्हिएतनामशी पॅरिसमध्ये चाललेल्या वाटाघाटींत अडथळा नको असे कारण देऊन त्यांनी तपशील टाळले. मोघमपणा त्यांनी केला हे खरे आहे. पण त्या निवडणुकीत मोघम बोलणारे ते एकटे नव्हते. त्यांचे प्रतिस्पर्धी, उपाध्यक्ष ह्यूबर्ट हंफ्री हे तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांच्या धोरणाला बांधलेले होते; व्हिएतनामबद्दल ते धड पाठिंबाही देत नव्हते आणि धड विरोधही करत नव्हते. या अवस्थेत सप्टेंबरच्या अखेरीस गॅलपच्या जनमत पाहणीत ते निक्सन यांच्या सुमारे १५ टक्के मागे होते. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीतून दूरचित्रवाणीवर भाषण करताना त्यांनी व्यासपीठावर उपाध्यक्षपदाची मुद्रा लावली नाही, म्हणजे जॉन्सन यांचे उपाध्यक्ष म्हणून नव्हे तर उमेदवार म्हणून ते बोलले, आणि शांततेसाठी पत्करण्याजोगा धोका म्हणून उत्तर व्हिएतनामवरील बाँबहल्ले आपण थांबवू, असे सांगितले. त्यानंतर सभांमधली निदर्शने ओसरली, पक्षातले युद्धविरोधक परतू लागले आणि अंतर घटत गेले. प्रत्यक्ष मतदानात निक्सन यांना ४३.४ टक्के आणि हंफ्री यांना ४२.७ टक्के मते पडली. कामगार संघटनांनी तिसरे उमेदवार वॉलेस यांच्याकडे गेलेले मतदार परत वळवले आणि ३१ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी स्वतःच बाँबहल्ले थांबवल्याची घोषणा केली, ही कारणेही त्यामागे आहेतच. तरीही ज्या निवडणुकीवरून मौनाचा धडा दिला जातो, तिच्यात मागे पडलेला उमेदवार भूमिका घेतल्यावरच शर्यतीत परतला, ही गोष्ट त्या धड्यातून गाळली जाते.

आणि मौनाची किंमत कोणी मोजली? युद्ध थांबवण्याचा पॅरिसचा करार १९७३ च्या जानेवारीत झाला. निक्सन यांच्या कारकिर्दीत वीस हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मारले गेले, आणि व्हिएतनामी माणसे त्याहून कितीतरी पटींनी अधिक. युद्ध आणखी चार वर्षे चालेल आणि कंबोडियापर्यंत पसरेल, याला मतदारांची संमती कोणी मागितलीच नव्हती.

मॅकगव्हर्न स्पष्ट बोलले आणि ४९ राज्ये हरले, हे खरे आहे. स्पष्टतेने विजयाची हमी मिळते असे माझे म्हणणे नाही. पण १९७२ पर्यंत व्हिएतनाममधले अमेरिकी सैन्य पाच लाखांहून अधिक होते ते तीस हजारांच्या आसपास आले होते, मतदानाच्या तोंडावर निक्सन यांचे सल्लागार किसिंजर यांनी शांतता दृष्टिपथात असल्याचे जाहीर केले होते, आणि मॅकगव्हर्न यांना आपला उपाध्यक्षपदाचा उमेदवार प्रचाराच्या प्रारंभीच बदलावा लागला होता. एवढ्या कारणांतून एकच उचलणे रास्त नाही.

या मताचे समर्थक २००४ मध्ये अध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध हरलेल्या जॉन केरी यांचा उल्लेख सहसा करत नाहीत, आणि खरा धडा तिथेच आहे. केरी यांनी २००२ च्या ऑक्टोबरमध्ये इराकविरुद्ध बळाच्या वापराला परवानगी देणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिले. पुढच्या वर्षी युद्धखर्चासाठी ८७ अब्ज डॉलरचे विधेयक आले, तेव्हा श्रीमंतांची करसवलत कमी करून तो पैसा उभारावा अशी दुरुस्ती त्यांनी मांडली, आणि ती फेटाळली गेल्यावर मूळ विधेयकाच्या विरोधात मत दिले. यात सुसंगती होती. पण २००४ च्या मार्चमध्ये वेस्ट व्हर्जिनियात त्यांनी ती अशी सांगितली, की त्या ८७ अब्जांच्या विरोधात मत देण्याआधी आपण त्यांच्या बाजूने मत दिले होते. बुश यांच्या प्रचारकांनी ते वाक्य जाहिरातीत घातले. ऑगस्टमध्ये, आज कळलेले तेव्हा माहीत असते तरी परवानगी दिलीच असती, असे केरी म्हणाले. २० सप्टेंबरला न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांनी युद्धावर अतिशय नेमकी टीका केली, पण तोवर बराच उशीर झाला होता. व्हिएतनाममध्ये लढलेला आणि १९७१ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्या युद्धाविरुद्ध निर्भीड साक्ष दिलेला हा माणूस दोन्ही बाजूंना राखण्याच्या प्रयत्नात डळमळीत ठरला, याचे मला आजही वाईट वाटते. चार वर्षांनी बराक ओबामा यांना, २००२ मध्ये शिकागोत इराक युद्धाला उघड विरोध केल्याचा, उमेदवारी मिळवताना मोठा उपयोग झाला.

शत्रू सावध होतो, हा आक्षेप प्रश्नच चुकीचा समजून घेतो. सैन्य कोणत्या रात्री कुठून हलेल, हे उमेदवाराला कोणी विचारत नाही. युद्धाचे उद्दिष्ट काय, कोणत्या अटींवर ते थांबवणार, कोणती मर्यादा ओलांडणार नाही आणि काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, परवानगी घेणार की नाही, एवढेच विचारले जाते. १९५२ मध्ये, कोरियाचे युद्ध चालू असताना, उमेदवार आयझेनहॉवर यांनी डेट्रॉइटमध्ये, निवडून आलो तर कोरियाला जाईन, असे जाहीर केले. तपशील त्यांनीही दिले नाहीत, पण युद्ध संपवण्याकडे आपला कल आहे हे निःसंदिग्धपणे कळवले, आणि पदग्रहणापूर्वीच, डिसेंबरमध्ये, ते तिथे जाऊन आले. १९५३ च्या जुलैमध्ये युद्धविराम झाला. घोषणेमुळे शत्रूला कोणता लाभ झाला, हे कोणी दाखवून दिलेले माझ्या पाहण्यात नाही.

परिस्थिती बदलते, हे मान्य. म्हणूनच आधीचे शब्द नोंदलेले असावे लागतात. आशियाई तरुणांनी जे करायला हवे ते करण्यासाठी अमेरिकी तरुणांना हजारो मैल दूर पाठवणार नाही, असे जॉन्सन १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये ॲक्रनमध्ये म्हणाले होते, आणि पुढच्या मार्चमध्ये मरीन सैनिक व्हिएतनाममध्ये दा नांगला उतरले. वचन मोडले गेले हे लोकांना दाखवता आले, ते वचन दिले होते म्हणूनच. पण अध्यक्षांना आवरण्यासाठी लोकांना काँग्रेसचा आधार पुरेसा मिळाला नाही: व्हिएतनाममध्ये बळ वापरू देणारा टॉन्किनच्या आखाताचा ठराव १९६४ मध्येच प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत होऊन जॉन्सन यांच्या हाती जवळजवळ मोकळा अधिकार आला होता. रीतसर युद्धघोषणा तर काँग्रेसने १९४२ नंतर एकदाही केलेली नाही. कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान आणि इराक ही सारी युद्धे तिच्याविनाच लढली गेली, आणि त्या प्रत्येकात कधी थांबायचे याचा निर्णय मुख्यतः अध्यक्षांच्याच हाती राहिला.