शिवराक माणूस गोव्यात उपाशी मरतो म्हणे!

‘गोव्याला जाताय? हे वाचल्याशिवाय निघू नका’ अशा मथळ्याचा एक मेसेज नातेवाइकांच्या ग्रूपवर फिरतोय. मुंबईच्या आत्येभावाने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘खरं काय रे?’ मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: गोव्यात शाकाहारी, म्हणजे आमच्या भाषेत शिवराक, माणसाचे हाल होतात. बाहेर जेवायचं तर माणशी हजाराची नोट मोडते. तिथे काहीच पिकत नाही, भाजी सगळी बेळगावची. गोव्याचं जेवण मुळात पोर्तुगीज. लोक आळशी, दुपारी दुकानं बंद. म्हणून किराणा घरूनच बांधून न्या.

लिहिणाऱ्याने गोवा किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बसून पाहिला असावा. आम्ही राहतो ते किनाऱ्यापासून आत, फोंड्यात, त्यामुळे इथून जे दिसतं ते सांगतो.

शाकाहाराचं आधी, कारण सगळ्यात जास्त चुकलंय ते इथेच. गोव्यातल्या हिंदू घरात मासळी जीव की प्राण, हे खरं. पण याच घरांत सोमवारी चूल शिवराक असते, कुठे गुरुवारीही. श्रावणात तर कित्येक घरांत महिनाभर मासळीचं नाव निघत नाही, आणि चवथीला गणपती घरात असेपर्यंत प्रश्नच नाही. एवढे दिवस माणसं काय हवा खाऊन राहतात? त्या दिवसांसाठीच तर खतखतें, ही बऱ्याच भाज्यांची आमटी आहे. तूरडाळ, लाल भोपळा, सुरण, कणगां (एक कंद), मुळा, नीरफणस, शेवग्याच्या शेंगा, कोवळं कणीस, जे बाजारात असेल ते. वर वाटलेलं खोबरं, आंबटाला सोलं (आमसुलं) आणि ठेचलेली तिरफळं. बहुतेक घरांत फोडणीसुद्धा देत नाहीत. तिरफळाचा वास घरभर फिरला की वेगळी फोडणी लागतच नाही. शिवाय मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची), अळसांद्याचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, पिकलेल्या आंब्याचं सासव, नीरफणसाच्या रवा लावून तळलेल्या कापा. गोडाला चण्याच्या डाळीची खीर, म्हणजे मणगणें, आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या.

‘हे घरचं झालं, बाहेर कुठे मिळतं?’ असं आत्येभाऊ विचारणारच. सकाळी कुठल्याही शहरातल्या जुन्या हॉटेलात जा. पणजीत भोसले आहे, ताटो आहे. तिथे भाजी-पाव मागायचा. भाजी कुठली ते विचारतील: पातळ की सुकी, की दोन्ही मिक्स? सोबत मिरची भजी किंवा बन. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे या देवळांच्या आसपास जेवणाची शिवराक हॉटेलं आहेत, आणि उडुपी तर गावोगाव.

एक सावधगिरी मात्र मेसेजवाल्याने द्यायला हवी होती, ती त्याने दिली नाही. आमच्याकडे तांबड्या भाजीत, कोबीत मूठभर सुंगटं (कोळंबी) पडणं ही फार साधी गोष्ट आहे. कुणाला त्यात ‘नॉनव्हेज’ घातल्यासारखं वाटतच नाही. म्हणून खानावळीत ‘व्हेज आहे ना?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘शिवराक’ म्हणा, आणि ‘सुंगटां नाकात’ (कोळंबी नको) हेही म्हणा. वाढणारा हसेल, पण ताट चोख येईल.

आता हजाराची नोट. समुद्राकडे तोंड करून बसलात की नजाऱ्याचे पैसे बिलात येतातच, त्याबद्दल वाद नाही. पण ऑफिसातला माणूस दुपारी जेवतो ती थाळी बघा. साधारण खानावळीत शिवराक थाळी दीडशेच्या आसपास, मासळीची दोनशेच्या आगेमागे. बसल्याबसल्या पहिला प्रश्न येतो, ‘उकडें काय सुरय?’ म्हणजे जाड, तांबूस उकडा भात हवा की पांढरा. मग मासळीच्या थाळीत हुमण (माशांची आमटी), एक भाजी, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची किसमूर (कोशिंबीर), सोलकढी, लोणचं आणि बांगड्याची नाहीतर लेप्याची एखादी तळलेली तुकडी. बिल फुगतं ते यानंतर. वाढपी हळूच म्हणतो, ‘विसवण आसा, ताजी’, म्हणजे सुरमई आहे. ही तळलेली विसवण थाळीत धरलेली नसते, तिचा दर तुकडीच्या आकारावर. दर विचारूनच हो म्हणा, लाजायचं कारण नाही, आम्हीही विचारतो. चहा आणि भाजी-पावाचा नाश्ता तर शंभराच्या आत होतो.

‘गोव्यात काही पिकत नाही.’ हे अर्धं खरं आहे आणि त्याचाच मला जास्त राग येतो. कांदा, बटाटा, टोमॅटो, कोबी, फरसबी बेळगावहून येतात, कबूल. चोर्ला घाटात वाहतूक अडली की आमच्याकडे भाजीचा दर चढतो, ही नेहमीची रड आहे. फलोत्पादन महामंडळाचे सरकारी गाडे सवलतीत भाजी विकतात, त्यातलाही मोठा माल तिकडचाच. पण यावरून ‘काहीच नाही’ कसं निघालं?

शुक्रवारी सकाळी म्हापशाच्या बाजारात जा. आतल्या गाळ्यांत नको, बाहेर जिथे गावच्या बायका जमिनीवर गोणपाट टाकून बसतात तिथे. त्यांच्याकडे तराजू असेलच असं नाही, वाटे लावलेले असतात. एक वाटा कोवळ्या वांग्यांचा, एक आंबाड्यांचा, बाजूला तांबड्या भाजीच्या जुड्या, मुळांना अजून माती. ‘मावशे, कितल्याक वांटो?’ विचारलं की भाव सांगतात. थोडं घुटमळलात की दर सहसा कमी होत नाही, त्याऐवजी वाट्यावर आणखी दोन वांगी पडतात. आगशीची वांगी, सात शिरांची लांब भेंडी, मयड्याची केळी, काणकोणातल्या खोल्याची मिरची (तिला जीआय मानांकन आहे), हे सगळं काय बेळगावहून येतं? पावसाळ्यात रस्त्याकडेला फागलां (करटोली), तायकिळा (टाकळा), तेरें (रानअळू) मिळतात आणि नशीब असेल तर वारुळावरची आळमी (अळंबी). तिचा भाव ऐकून मात्र गाडीत परत बसावंसं वाटेल. खाडीकाठी बांध घालून केलेल्या खाजन शेतात खाऱ्या पाण्याला दाद न देणारं कोरगूट भात आजही होतं. जमीन कमी, पडीक ठेवलेली जास्त, मजूर मिळत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. त्यावर मेसेज लिहिला असता तर मीच पुढे पाठवला असता.

पोर्तुगीज जेवणाचा मुद्दा घेऊ. पोर्तुगीज इथे 1961 पर्यंत होते, पण सगळीकडे सारखे नव्हते. तिसवाडी, बार्देश, साष्टी हे तालुके त्यांनी सोळाव्या शतकात घेतले. आमचा फोंडा, सत्तरी, पेडणे, काणकोण हा भाग त्यांच्याकडे गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. विंदालू, सोरपोतेल ही मांसाची कालवणं, माडाच्या सुरेचं व्हिनेगर ही ख्रिस्ती स्वयंपाकघराची देणगी, आणि झकास देणगी. हिंदू घरात आंबटाला सोलं, चिंच, बिमलां, आंबाडे, कैरी. दोन्ही गोव्याचीच. मिरची, बटाटा, काजू पोर्तुगिजांबरोबर आले म्हणून सगळं जेवण त्यांचं ठरत असेल, तर मुंबईचा वडापावही त्यांच्याच खाती घाला: आतला बटाटा, तोंडी लावायची मिरची आणि बाहेरचा पाव. बघू कोण कबूल होतं.

आळशीपणाबद्दल फार लिहीत नाही. दुपारी एकपासून साडेतीन-चारपर्यंत बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदी सकाळी करा. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, तुमच्या साखरझोपेत भट्टी पेटवतो आणि उजाडताना सायकलचा भोंपू वाजवत पोई, उंडे हे पाव दारात आणून देतो. त्याच्यासमोर ‘सुशेगाद’ (निवांत, आरामशीर) म्हणून दाखवा.

राहिला घरून किराणा बांधून आणण्याचा सल्ला. कशाला? ‘बागायतदार’ या सहकारी संस्थेचे बाजार आहेत, तिथे डाळ-तांदळापासून साबणापर्यंत सगळं एका छताखाली मिळतं. ही संस्था आमच्या बागायतदारांच्या सुपाऱ्या, नारळ, काजूही घेते. येताना पिशवी रिकामीच आणा आणि परत जाताना भरा. उकडे तांदूळ, तिरफळं, सोलं, नारळ. मे महिन्यात आलात तर पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) बाजारात सुकी मासळी आणि मिरची. आगळाची (कोकमाच्या दाट रसाची) बाटली नक्की घ्या, फक्त त्यात मीठ आधीच असतं, तेव्हा सोलकढी करताना चव बघितल्याशिवाय वरून मीठ घालू नका.